अज्ञातहेतुक

ज्या शब्दाचा अर्थ 'आम्हांस ठाऊक नाहीं' एवढाच होतो, तो ग्रीक वेषांत आला कीं केवढा भारदस्त दिसतो! वैद्यकांतील 'इडिओपॅथिक' हा शब्द अशांपैकींच. मूळ ग्रीकांत 'स्वतःचें दुखणें' असा त्याचा भाव. मराठींत त्यास 'अज्ञातहेतुक' म्हणतात, आणि येथें आपली भाषा ग्रीकाहून अधिक प्रामाणिक आहे असें आम्हांस वाटतें. (ग्रीक पंडित क्षमा करोत.)

हा शब्द आमच्या कानीं आला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळें. दोन वर्षांत त्यास तीनदां फुप्फुसदाह झाला, आणि तिन्ही वेळां न्यूमोसिस्टिस नांवाच्या बुरशीनें. निरोगी माणसाच्या फुप्फुसांत ही शिरली तरी तिचें कांहीं चालत नाहीं. शरीराचे पहारेकरी, म्हणजे रक्तांतील सीडी-४ पेशी, घटल्या कीं मात्र ती माजते. त्याच्या रक्तांत त्या दर घन मिलिमीटरास २०० हूनहि कमी निघाल्या. एड्सच्या विषाणूसाठीं पुनःपुन्हां तपासणी झाली, विषाणु नव्हता. डॉक्टरांनीं 'अज्ञातहेतुक' म्हणून सांगितलें. शेजाऱ्यांनीं मात्र हेतु तेव्हांच शोधून काढला. त्याच्या घरचा चहा लोकांस नकोसा झाला, आणि धाकट्या बहिणीचें ठरत आलेलें लग्न कांहीं न सांगतां थांबलें.

कारण कळण्यापूर्वीं निकाल देण्याची ही रीत ह्या बुरशीच्या इतिहासांत जुनीच आहे. तिजवरील पेंटामिडीन हें औषध त्या काळीं अमेरिकेंत अटलांटा येथील सरकारी रोगनियंत्रण केंद्रांतूनच मिळे. तेथें मागण्यांची व्यवस्था पाहणाऱ्या सँड्रा फोर्ड ह्या बाईंस १९८१ सालीं एक गोष्ट खटकली : तरुण रोग्यांसाठीं, प्रतिकारशक्ति कां खचली तें न सांगतां, औषध मागविलें जात होतें, आणि एकदां दिलेलें पुन्हांहि मागविलें जात होतें. त्यांनीं वरिष्ठांस कळविलें. ५ जून १९८१ रोजीं लॉस एंजेलिसच्या पांच तरुणांची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांतील दोघे तोंवर मृत्यु पावले होते. पांचहि जण समलिंगी होते, एवढ्यावर पुष्कळांनीं त्यांच्या चारित्र्यावर बोट ठेविलें. विषाणु सांपडला तो १९८३ सालीं, पॅरिसला.

पुढें १९९२ सालीं, विषाणूवांचूनच सीडी-४ पेशी घटलेल्या रोग्यांची वार्ता पसरली आणि पुन्हां भय उसळलें. अमेरिकन शास्त्रज्ञांनीं कसून चौकशी केली. हा विकार एकाकडून दुसऱ्यास जडतो असा पुरावा मिळाला नाहीं.

बुरशी परतूं नये म्हणून आमचा विद्यार्थी हल्लीं को-ट्रायमॉक्साझोलची गोळी नेमानें घेतो. गेल्या पावसाळ्यापासून त्यास ताप नाहीं. वरपक्षाच्या मंडळींस त्या चौकशीचा निष्कर्ष आम्हीं मराठींत लिहून पाठविला आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.