बुऱ्हाणपूरचा हमाम आणि आमचे न्हाणीघर

टाइलच्या दुकानातल्या मुलाने आमच्यासमोर दोन फरशा ठेवल्या आणि विचारले, "मिनिमल पाहिजे की मॅक्सिमल?" एक पांढरीशुभ्र, चकचकीत. दुसरीवर निळ्या-हिरव्या वेलबुट्ट्या. आमचे काहीच ठरेना. नमुने पिशवीत घालून घरी आणले आणि घरात दोन पक्ष पडले. थोरल्या मुलीला चारही भिंतींवर नक्षी हवी होती. अब्बांचे म्हणणे, न्हाणीघर म्हणजे काही दिवाणखाना नव्हे, पांढरे करा आणि मोकळे व्हा.

न्हाणीघर नव्याने करायचे कारण मात्र नक्षी नव्हते. गेल्या रमजानमध्ये सहेरीच्या वेळी वुजू करताना अम्मी घसरल्या आणि त्यांचे मनगट मोडले. हात जुळून आला, पण भीती गेली नाही. रात्री उठावे लागू नये म्हणून त्या मगरिबनंतर पाणीच पिईनात. हे आमच्या फार उशिरा लक्षात आले.

अशातच बुऱ्हाणपूरच्या नातेवाइकांकडून लग्नाचे बोलावणे आले. भुसावळहून रेल्वेने तासाभराची वाट. निकाह दुसऱ्या दिवशी होता, म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांनी गाव पाहायचे ठरवले.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी खानदेशच्या माणसाला ते परके वाटत नाही. फारुकी सुलतानांची ही राजधानी. गावाला नाव मिळाले ते हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यावरून, आणि त्यांची दर्गाह आहे आपल्या खुलताबादला. पुढे मुघलांनी दख्खनच्या मोहिमा इथूनच चालवल्या. याच मुक्कामात 1631 साली चौदाव्या बाळंतपणात मुमताज महलचा इंतकाल झाला. तापीपलीकडे जैनाबादला तिला आधी दफन केले आणि काही महिन्यांनी तिचे पार्थिव आग्र्याला नेले.

तापीकाठच्या शाही किल्ल्यात तिच्यासाठी सजवलेला हमाम आहे. बाहेर ऊन मी म्हणत होते, पण आत पाय ठेवताच गारवा लागला. डोळे सरावल्यावर वर पाहिले आणि थोरली ओरडलीच, "हे बघा!" छतावर आणि कमानींवर फुले, पाने, वेली आणि भूमितीची नक्षी. कुठे रंग उडालेला, कुठे पोपडे निघालेले, तरी जे उरले आहे तेही मान दुखेपर्यंत पाहत राहावे असे. थोरलीने अब्बांकडे असे पाहिले, जणू खटला जिंकला.

अम्मी मात्र छत पाहतच नव्हत्या. त्या हौदाच्या काठाशी उभ्या होत्या, खाली पाहत. म्हणाल्या, "बाई चौदाव्यांदा गरोदर. या पाण्यात उतरताना धरायची कशाला?"

कोणी म्हणाले, "दासी असतील की अम्मी, हात द्यायला."

"त्यांना दासी होत्या," अम्मी म्हणाल्या. "मी पहाटे कोणाला उठवू?"

यावर कोणी काही बोलले नाही. पंधरा दिवस आम्ही रंगांवर भांडत होतो, आणि जिच्यासाठी हे काम काढले तिला एकदाही विचारले नव्हते.

तिथून आम्ही कुंडी भंडाऱ्याला गेलो. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत गोळा करून गावापर्यंत आणणारी ही व्यवस्था 1615 च्या सुमारास अब्दुर रहीम खानखानां यांच्या काळात झाली. वर पाहिले तर ओळीने विहिरीसारखी तोंडे, शंभराच्या वर. खाली एकीतून दुसरीत वाहणारे पाणी. मोट नाही, पंप नाही. जमिनीच्या उतारावर पाणी आपोआप पुढे सरकते. शोभेचे काही नाही, पण एवढ्या वर्षांनंतरही इथे पाणी वाहते आहे. आता अब्बांची जिंकल्यासारखे पाहायची पाळी होती.

जोहरची वेळ झाली तशी पुरुषमंडळी जामा मशिदीत गेली. आत अरबीबरोबर संस्कृतातही कोरलेला शिलालेख आहे, तो मुलांनी मुद्दाम शोधून पाहिला. अब्बा हौदाच्या काठावर बसून वुजू करत होते. बाहेर आल्यावर तेच म्हणाले, "काठावर बसले की पाय धुवायला एका पायावर उभे राहावे लागत नाही. आपण घरी बेसिनमध्ये पाय उचलतो. अम्मी तशाच पडल्या."

परतीच्या गाडीत थोरलीने वहीचे पान फाडले आणि नकाशा काढायला घेतला. पहिला प्रश्न या वेळी अम्मींना विचारला.

आता काम पूर्ण झाले आहे. ज्यांच्या घरी हे काम निघाले आहे, त्यांच्यासाठी लिहितो. जमिनीला खरखरीत, मॅट फरशी, एकाच साध्या राखाडी रंगाची. त्यावर सांडलेले पाणी आणि साबणही चटकन दिसतो. जमिनीला जाळीकडे उतार, म्हणजे पाणी साचत नाही. कमोडशेजारी आणि नळाशेजारी स्टीलची दांडी, तीही टाइलवर चिकटवलेली नव्हे, विटांच्या भिंतीत बोल्टने बसवलेली. किब्ल्याकडे तोंड किंवा पाठ होऊ नये म्हणून कमोड उत्तर-दक्षिण. संडास आणि अंघोळीची जागा यांच्यामध्ये भिंत. वुजूसाठी दीड फूट उंचीचा बसका ओटा, समोर हाताशी येईल असा नळ. नळाची धारही बारीक ठेवली आहे. प्रेषित (स.) एका मुद्दने, म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर पाण्यात, वुजू करत असल्याचे हदीसमध्ये आले आहे; आपल्याकडे नळ सुरू ठेवून बादलीभर पाणी जाते.

आणि नक्षी? ती आहे. खांद्याच्या उंचीच्या वर, चारही भिंतींना निळ्या-हिरव्या टाइलचा पट्टा फिरवला आहे. तिथे साबण उडत नाही, पाय पडत नाही, घासायला रोज कोणी वाकत नाही. नक्षीची टाइल महाग होती, पण एका पट्ट्यापुरती परवडली. खाली अब्बांचे साधेपण, वर थोरलीचा हमाम.

पहिल्या आठवड्यात एका पहाटे नळाचा आवाज आला आणि आम्ही दचकून उठलो. दार नुसते लोटलेले होते. अम्मी ओट्यावर बसून सावकाश पाय धूत होत्या.

"झोपा," त्या म्हणाल्या. "अजून अजानला वेळ आहे."

त्यांच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या रिकामा होता.