मृत्युपत्र पुन्हा लिहिताना

आमच्या सेलू तालुक्यात बाईचं नाव सातबाऱ्यावर लागायचं ते बहुधा नवरा गेल्यावर. माझं आधीच लागलं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमाराला लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. सभेवरून आल्या आल्या हे म्हणाले, "रानात तू राबतेस, कागदावरही तूच पाहिजेस." १९९२ साली सरकारनं तशी योजना आणली आणि ह्यांच्या नावाखाली माझं नाव चढलं.

लेकरं शाळेत असताना ह्यांनी मृत्युपत्र केलं. साध्या कोऱ्या कागदावर. त्याला मुद्रांक लागत नाही. वाटणीचं त्यात फारसं नव्हतंच. आम्ही दोघंही नसलो तर लेकरं माझ्या बहिणीकडं राहावीत, हेच त्यातलं मुख्य कलम. पुढं हे अचानक गेले तेव्हा लेकरं कर्ती झाली होती. त्या कागदाचं काम संपलं होतं आणि नवा झालेला नव्हता.

मग वारस नोंद. तलाठ्याकडं द्यायच्या अर्जात मी, मुलगा, मुलगी आणि सासूबाई अशी नावं लिहिली. मेलेल्या माणसाची आईही पहिल्या वर्गातली वारस असते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. दीर म्हणाले, "वहिनी, पोरीचं नाव कशाला? हक्कसोड करून घ्या." आमच्याकडं लेकी साडीचोळी घेऊन सही करतात, कारण माहेर तुटायचा धाक असतो. ज्या सही करत नाहीत त्यांची नावं 'इतर हक्का'च्या रकान्यात ढकलायची. महाराष्ट्रानं १९९४ साली लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मापासूनचा आहे, बाप २००५ साली हयात असो वा नसो. एवढं सगळं होऊनही ओसरीवर बसलेल्या लेकीची मान खालीच होती. शेवटी सासूबाई बोलल्या, "माझं म्हातारीचं नाव लागतंय, मग तिचं का नको?" त्यांनी अंगठा उठवला आणि तो विषय मिटला.

सासूबाई गेल्यावर मी माझं मृत्युपत्र केलं. पुढं जावई वारले, लेकीला मूलबाळ नाही. तेव्हा ते बदलून सेलूचं घर तिच्या नावे लिहिलं. साक्षीदार दोन लागतात. मी माझ्याहून तरुण आणि वाटणीत नसलेले निवडले. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडं जाऊन केली, सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला. बँकेत नॉमिनी मुलगा आहे. पण नॉमिनी पैसे हाती घेणारा, मालक नव्हे, म्हणून तो पैसाही कागदात वाटून दिला. बक्षीसपत्र करा, असं सुचवणारे भेटले. पण त्यानं मालकी तेव्हाच जाते. मृत्युपत्र श्वास आहे तोवर बदलता येतं. विधवा आईनं सगळं आधीच देऊन मोकळं होऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

खरी काळजी लेकीची होती. पुण्यातला फ्लॅट तिनं स्वतःच्या पगारातून घेतलाय. वकिलांनी सांगितलं, निपुत्रिक विधवा मृत्युपत्राविना गेली तर तिची स्वकष्टाची मिळकत हिंदू वारसा कायद्यानं आधी नवऱ्याच्या वारसांकडं जाते. आईबापांचा नंबर त्यानंतर. ती म्हणाली, "आई, चाळिशीत कसलं मृत्युपत्र?" मी म्हटलं, "घर कुणाला द्यायचं ते तू ठरवणार की कायदा?"

तिनं फ्लॅट भाचीच्या नावे लिहिला. पोर अज्ञान आहे, म्हणून ती अठरा वर्षांची होईपर्यंत घर सांभाळायला भावाला नेमलं. ती सज्ञान झाली की ते कलम काढून कागद नव्यानं करायचा, हे आमचं आत्ताच ठरलंय.