नाव कोणाचे लपवायचे?

लखनौला बदली झाल्यानंतर एका रविवारी नखासच्या बाजारात, जुन्या पुस्तकांच्या ढिगात इब्ने सफी यांची एक हेरकथा हाती लागली. देवनागरीतली. उर्दूतला इम्रान हिंदीत येताना राजेश झाला होता. शाळकरी वयात बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय आणि छोटू वाचताना त्यांच्यामागे होम्स आणि वॉटसन उभे आहेत, हेही मला कोणी सांगितले नव्हते. या लेखनप्रकारात उसनवारीची नोंद ठेवण्याची रीतच नव्हती. आपल्या १९५२ च्या पहिल्या कादंबरीचे कथानक इंग्रजीवरून घेतल्याचे इब्ने सफींनी निदान पुढे मान्य केले. अनेकांनी मूळ लेखकाचे नाव गाळले. वाचकाचे त्यात काही बिघडले नाही.

प्रशासनात मात्र जे नाव गाळायला हवे, तेच कागदावर राहते. महामार्ग प्राधिकरणातील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी २००२ मध्ये सुवर्ण चतुष्कोण प्रकल्पातील गैरव्यवहार पंतप्रधानांना पत्राने कळविले आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट कार्यालयांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची हत्या झाली. सीबीआयने ती लुटीसाठी झाल्याचे म्हटले व २०१० मध्ये तिघांना शिक्षाही झाली; पण पत्र फुटले होते, हे त्याने पुसले जात नाही.

तपासणीचे काम तर नाव लपवून करताच येत नाही. येथील आयआयएममधून २००३ मध्ये बाहेर पडलेला मंजुनाथ षण्मुगम इंडियन ऑइलमध्ये विक्री अधिकारी होता. लखीमपूर खेरी जिल्ह्यातील गोला गोकर्णनाथच्या एका पंपावर त्याने भेसळीबद्दल कारवाई केली. १९ नोव्हेंबर २००५ रोजी त्याला गोळ्या घातल्या गेल्या. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलमाफियांनी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जाळले, तेव्हा मला प्रथम गोला गोकर्णनाथच आठवले. तेच इंधन, तीच भेसळ.

दुबे प्रकरणानंतर, २००४ च्या ठरावाने, बंद पाकिटातील तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडे जाते व पुढे पाठविण्यापूर्वी तक्रारदाराचे नाव काढले जाते. २०१४ च्या जागल्या संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली; तो लागू करणारी अधिसूचना मात्र निघालेली नाही.

पत्र कसे फुटते, हे मला चांगले ठाऊक आहे. 'योग्य कार्यवाहीसाठी अग्रेषित' असे लिहून मूळ प्रत जोडायची, ही हाताला लागलेली सवय. त्यात द्वेष नसतो. नव्वदच्या दशकात, नोकरीच्या सुरुवातीला, एका लिपिकाची तक्रार मी अशीच त्याच्या सहीसकट वर पाठविली. ज्यांच्याविरुद्ध ती होती, त्यांच्याच टेबलावर ती पोहोचली. महिन्याभरात त्याची दूरवर बदली झाली. तेव्हा ठराव नव्हता, हे खरे. पण सही झाकून टंकलिखित प्रत काढायला मला कोणी मनाई केली नव्हती. काही वर्षांनी तो रेल्वे फलाटावर भेटला. "साहेब, बरे आहात ना?" एवढेच विचारले, आणि माझी बॅग उचलायला पुढे झाला.