कोटाचा वास

खुटबावच्या घराची मागची खोली आम्ही रिकामी केली, ती सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा पाहावयास जाण्याच्या कपड्यांसाठी. १९७२ च्या कायद्याने त्याच्या शिकारीस बंदी आली; परंतु वाऱ्यावरून माणसाचा वास येताच तो आजही पळतो, मग हाती बंदूक असो वा दुर्बीण. तेव्हा साबण, उदबत्ती, डांबराच्या गोळ्या, साऱ्यांना मज्जाव! कपडे नुसत्या पाण्यात धुवावयाचे, उन्हात वाळवून पेटीत ठेवावयाचे.

बाबांचा जुना शिकारी कोटही आम्ही धुण्यास काढला. आईने तो हातातून ओढून घेतला.

उत्पत्तीच्या २७ व्या अध्यायातील अंध इसहाक आम्हांस आठवला. शिकारी एसावच्या कपड्यांचा वास घेऊन त्याने आशीर्वाद दिला. कपड्यांत मात्र याकोब होता.

कोट आता आईच्या उशाशी असतो.