कबरीची मान

आरमोरीकडच्या एका खेड्यात कबरी सात वर्षं जगली. गावठी कोंबडीला एवढं आयुष्य क्वचितच लाभतं. पाहुणा आला की बहुतेकींचा हिशेब मिटतो. कबरी वाचायची, कारण अंडी उबवून पिलं राखावीत तर तिनेच.

दर काही महिन्यांनी ती कोपऱ्यात अंग फुगवून बसायची, दाण्यालाही उठायची नाही. सुट्टीत आलेली नात पहिल्यांदा घाबरलीच. आजीने कबरीच्या पोटाखाली हात सारला, तशी तिने फुत्कारून चोच मारली. "तिले काई झालं नाई, खुडूक झाली हाये," आजी म्हणाली. आजारी कोंबडीला हात लावला तरी ती भांडत नाही. पावसाळ्यानंतर कबरीची पिसं झडायची, तुरा आक्रसायचा, अंडी बंद व्हायची. तेही दुखणं नव्हे.

आजीची खरी तपासणी पहाटे, खुराडं उघडताना. विष्ठा घट्ट, वर पांढरा ठिपका, म्हणजे ठीक. गळ्याखालची दाण्याची थैली रात्री टच्च भरलेली आणि सकाळी रिकामी हवी. बाहेर पडताना कोण मागे रेंगाळतं, तेही ती बघायची. कोंबडी दुखणं लपवते. अशक्त दिसली की कळपातल्या बाकीच्या टोचून काढतात.

पण मोहाच्या दिवसांत ही तपासणी चुकते. मार्च-एप्रिलमध्ये अख्खं घर अंधारातच फुलं वेचायला रानात जातं. खुराड्याची फळी तेवढी कोणीतरी सरकवतं. अशाच एका एप्रिलात आठवडी बाजारातून कोंबडा आणला होता. चार-पाच दिवसांनी आजी दुपारी परतली, तर कबरी भर उन्हात पिसं फुगवून उभी. उन्हाळ्यात धडधाकट कोंबडी पंख अंगापासून सोडवून धापा टाकते. थंडी वाजल्यासारखी फुगत नाही. खाली हिरवट पातळ विष्ठा होती, श्वासाला घरघर होती. आठवड्याभरात चौदापैकी अकरा गेल्या.

या रोगाला मानमोडी म्हणतात. कुमाऊंतल्या राणीखेतला १९२७च्या सुमारास हा रोग आढळला, म्हणून आपल्याकडे राणीखेत हेच नाव रुजलं. त्यावर औषध नाही, लस आहे. पण एक कुपी साधारण शंभर पक्ष्यांची, बर्फात आणायची, विरघळवली की तासा-दोन तासांत संपवायची. दहा कोंबड्यांच्या घराने ती एकट्याने कशाला आणावी? वाडीतली घरं एकत्र आली तरच हे जमतं, आणि मोहाच्या आधीच जमायला हवं. एकाएकी मर लागली, तुरे काळेनिळे पडले, तर गोष्ट आणखी गंभीर: जानेवारी २०२५मध्ये शेजारच्या ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगलीत कोंबड्या मेल्या, तेव्हा तपासणीत बर्ड फ्लू निघाला. अशी मेलेली कोंबडी खाऊ नये, ओढ्यात टाकू नये. आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं.

कबरी जगली, पण मान वाकडीच राहिली. दाणा टिपायला गेली की चोच बोटभर बाजूला पडायची. आजी तिला तांदळाच्या चुरीचा वाडगा वेगळा ठेवू लागली. पहिली अंडी मऊ कवचाची आली, मग बरी. पुढल्या वर्षी लस टोचायला आलेल्या माणसाने तिला बघून विचारलं, "हिला टोचायची?"

"हिचं झालं," आजी म्हणाली, आणि डालं उचलून तिची नऊ पिलं पुढे केली.