फुलं गळाली म्हणून ऑर्किड टाकू नका



हल्ली वाढदिवसाला, गृहप्रवेशाला, पारण्याच्या निमित्ताने पुष्पगुच्छाऐवजी ऑर्किडची कुंडी देण्याची पद्धत पडली आहे. मला ती आवडते. तोडलेली फुलं घरात आली की आपल्याला चुटपुट लागते. इथे फूल झाडावरच असतं आणि दोन-अडीच महिने टिकतं. अडचण पुढे येते. फुलं गळतात, काठीसारखी दांडी आणि चार-पाच जाड पानं उरतात आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, "गेलं वाटतं हे, टाकून दे."

आमच्याकडे २०२२च्या फेब्रुवारीत सूनबाईने जांभळ्या फुलांची कुंडी आणली आणि सासूबाईंच्या पलंगाशेजारच्या खिडकीत ठेवली. तेव्हा त्यांना ८८वं चालू होतं, उठणं-बसणं बंद झालं होतं. मे महिन्यात शेवटचं फूल गळलं. कामवाल्या मावशी कुंडी कचऱ्याकडे नेत होत्या. सासूबाईंनी हाक मारली, "पानं हिरवी आहेत ना? मग जीव आहे. जीव काय कचऱ्याच्या डब्यात टाकतात?"

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. वनस्पतीकाय हा एकेंद्रिय जीव, हे लहानपणी पाठशाळेतच शिकलोय आपण. कुंडी परत खिडकीत गेली आणि तिला जगवायची जबाबदारी माझ्याकडे आली. मी कॉमर्सवाली, झाडांतलं फारसं कळत नव्हतं, पण वही ठेवायची सवय जुनी. कधी पाणी घातलं, कधी नवीन पान आलं, सगळं तारखेनिशी लिहीत गेले. ती वहीच आज तुमच्यासमोर उघडते आहे.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. बाजारात मिळणाऱ्या या रुंद पानांच्या ऑर्किडचं नाव फॅलेनॉप्सिस, म्हणजे पतंगासारखं दिसणारं. मूळ घर इंडोनेशिया, फिलिपिन्सकडची दमट जंगलं. तिथे ते मातीत उगवतच नाही, झाडाच्या खोडाला मुळांनी धरून राहतं. आपल्याकडेही अशी ऑर्किड आहेत, मराठीत त्यांना आमरी म्हणतात. सह्याद्रीत, कोकणात आंब्या-जांभळांच्या फांद्यांवरून मे-जूनमध्ये गुलाबी-पांढरे घोस लोंबतात ती सीतेची वेणी हीच. पुष्कळ लोक तिला बांडगूळ समजतात. बांडगूळ दुसऱ्या झाडाचा रस शोषतं, आमरी फक्त आधार घेते. पावसाचं पाणी, हवेतला ओलावा आणि सालीवर साठलेला पालापाचोळा एवढ्यावर तिचं भागतं. मला तर हा अपरिग्रहच वाटतो! (फिरायला गेलात तर ती ओरबाडून आणू नका बरं. रानातून काढलेली घरात सहसा जगत नाही, आणि जंगलातली संख्या कमी होते ती वेगळीच.)

एकदा हे समजलं की निगा आपोआप समजते. मातीत लावायचं नाही. पाइनच्या सालीचे तुकडे, कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे घालायचे, आणि कुंडी भरपूर भोकांची, शक्यतो पारदर्शक हवी. मुळांवर पांढुरकं स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असलं की ते चंदेरी-राखाडी दिसतं, पाणी प्यायलं की हिरवं. म्हणून पाणी वारानुसार न देता मूळ बघून द्यायचं. मुळं चंदेरी दिसली की कुंडी पंधरा-वीस मिनिटं पाण्यात ठेवायची, मग पूर्ण निथळू द्यायची. आमच्याकडे हे उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी होतं, पावसाळ्यात नऊ-दहा दिवसांनी. खाली बशीत पाणी साठलं तर मुळं कुजतात. ऑर्किड तहानेपेक्षा लाडानेच जास्त मरतात.

पाणी सकाळी द्यायचं, संध्याकाळी नाही. पानांच्या मधल्या बेचक्यात रात्रभर पाणी राहिलं तर तो कोंब सडतो आणि या जातीला दुसरा शेंडा नसतो. मी घरात सांगते, हिचा चौविहार आहे, सूर्यास्तानंतर पाणी नाही. विश्रांतवाडीत आमच्या सोसायटीत कधी पालिकेचं पाणी असतं, कधी टँकरचं, कधी बोअरचं. बोअरच्या जड पाण्याने मुळांवर पांढरा थर बसतो. आरओमधून बाहेर टाकलेलं पाणी झाडांना घालतात बऱ्याच जणी, ऑर्किडला ते मुळीच घालू नका, सगळे क्षार त्यातच असतात. उकळलेलं पाणी मात्र उत्तम. उकळताना बराचसा चुना पातेल्याच्या बुडाला बसतो. आपल्याकडे पक्कं पाणी रोजच होतं. पावसाळ्यात तीन, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच प्रहरांचा काळ संपायच्या आत उरलेलं पाणी कुठे वापरायचं, हा प्रश्न माझ्यापुरता सुटला. इंटरनेटवर कुंडीत बर्फाचे खडे ठेवायला सांगतात. बर्फ आपल्याकडे अभक्ष्यात मोडतो तो भाग सोडा, पण उष्ण जंगलातल्या झाडाच्या मुळांना बर्फ कशाला?

खताबद्दल खास आपल्या बायकांसाठी सांगते. फुलझाडांचं खत म्हणून जे मिळतं त्यात पुष्कळदा बोनमील असतं, म्हणजे हाडांचा चुरा. माशांपासून केलेलं द्रवखतही असतं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय घेऊ नका. मी पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ वापरते, लिटरला पाव चमचा, पंधरा दिवसांतून एकदा, तेही झाड वाढत असताना. मधल्या वेळी नुसतं पाणी, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात. केळीच्या सालींचं आंबवलेलं पाणी मी करत नाही, त्यात जीवोत्पत्ती किती होते ते नाकालाच कळतं.

आता दांडीचं. फुलं गळाल्यावर दांडी खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापा, असा सर्वसाधारण सल्ला असतो. तिथून कधी कधी नवा फाटा फुटतो. पण हिरवी दांडी कापायला माझा हात धजेना. मी ती तशीच ठेवली. वाळून पिवळी-तपकिरी झाली तेव्हाच बुंध्याशी काढली. झाडाचं काही बिघडलं नाही. मात्र तीन पानांचं अशक्त झाड असेल तर हिरव्या दांडीत त्याची ताकद खर्च होते, हेही खरं आहे. तुम्ही आपलं झाड बघून ठरवा.

फूल परत येण्याचं खरं गमक आहे थंडी. वर्षभर लाड केले आणि थंडी दिली नाही तर नुसती पानं येतात. फॅलेनॉप्सिसला दांडी फुटायला पाच-सहा आठवडे दिवसा पंचविशीच्या आसपास आणि रात्री पंधरा ते अठरा अंश तापमान लागतं. सतत अठ्ठावीसच्या वर राहिलं तर दांडी येत नाही. मुंबईतल्या माझ्या बहिणीला म्हणूनच इतका त्रास होतो, आणि आपल्याला पुण्यात हे फुकटात मिळतं. दिवाळी झाली की मी रात्री खिडकी उघडी ठेवते. आमच्या बाजूला, लोहगावला, रात्रीचं तापमान शिवाजीनगरपेक्षा बहुधा दोन-तीन अंशांनी जास्तच असतं, ते या झाडाला मानवतं. पारा बाराच्या खाली जाईल असं वाटलं तर कुंडी आत घ्यायची. उजेड पूर्वेच्या खिडकीचा. पानं गर्द हिरवी झाली तर उजेड कमी, पिवळट-लालसर झाली तर जास्त.

२२च्या डिसेंबरात पानाखालून हिरवं टोक दिसलं. नवीन मूळ आणि नवी दांडी सुरुवातीला सारखीच दिसतात. मूळ गोल टोकाचं असतं, दांडीचं टोक हातमोज्यासारखं चपटं. सासूबाईंनी भिंग मागितलं. बराच वेळ बघून म्हणाल्या, "दांडीच आहे." नंतर रोज सकाळी त्यांचा पहिला प्रश्न, किती वाढली? मी पट्टीने मोजून सांगायची. वहीत शेवटची नोंद अकरा सेंटिमीटरची आहे, त्यापुढे दोन आठवडे काही लिहिलेलं नाही. जानेवारीत त्या गेल्या. मार्चमध्ये सात फुलं आली.

त्यानंतर कुंडी त्याच खिडकीत आहे. दरवर्षी फुलते.

कळ्या आल्यावर दोन गोष्टी सांभाळा. कुंडी फिरवू नका, दांडी उजेडाकडे वळत राहते आणि फुलं वेडीवाकडी उमलतात. आणि त्या खोलीत पिकणारी फळं ठेवू नका. केळी, आंब्याची अढी यांतून निघणाऱ्या वायूने कळ्या न उमलताच पिवळ्या पडून गळतात.

आता अवघड भाग. गेल्या चातुर्मासात पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण आला. जिथे विचारावं तिथे एकच उत्तर, स्पिरिटचा बोळा फिरवा. एका जिवाला वाचवायला शंभर त्रस जीव मारायचे? आणि नाही मारले तर झाड जातं. मी कुंडी वेगळी केली, रंगवायचा मऊ ब्रश ओला करून एकेक कीड कागदावर उतरवली आणि खाली आवारातल्या जास्वंदीवर सोडली. अंडी फुटत राहतात म्हणून हे रोज, साडेतीन आठवडे. घोडनदीच्या आमच्या नणंदबाई तेव्हा आल्या होत्या. त्यांचे बारा व्रतांचे पचखाण आहेत. म्हणाल्या, "भाभी, मग जास्वंदीने काय पाप केलं होतं? मुळात एवढा आरंभ करायचाच कशाला?" मी म्हटलं, "बाईसा, कुंडी मी विकत आणली नव्हती, आलेली आहे. आता तिला कुठे सोडू?" त्या गप्प बसल्या, पण पटलं नव्हतं. जास्वंदीचा त्यांचा मुद्दा खोटा नाही. मी अजूनही तसंच करते, फक्त आता जयणा आधीपासून पाळते. कुंड्यांमध्ये हात-हातभर अंतर, हवा खेळती, वाळकी पानं लगेच काढायची, मुंग्यांची रांग दिसली की पानं उलटून बघायची. मुंग्या या किडीचा गोड चिकटा खातात आणि तिला सांभाळतात.

जाता जाता एक गोष्ट, जी मलाही उशिरा कळली. हिवाळ्याच्या लाडवांत, बाळंतिणीच्या खुराकात आपण सालममिश्री घालतो ना, ती ऑर्किडचाच कंद आहे. ज्यांना कंदमुळाचा त्याग आहे त्यांनी तयार पाकिटावरची नावं जरूर बघावीत.

यंदा न कापलेल्या दांडीच्या पेराला फुलाऐवजी एक छोटं रोपच फुटलं. दोन पानं आहेत, मुळं अजून बोटभर झाली नाहीत. दोन-तीन मुळं दोन बोटं लांब होईपर्यंत ते आईपासून वेगळं करायचं नसतं. फोटो पाठवला तर बाईसांचा फोन आला. म्हणाल्या, "मोठं झालं की मला दे. आमच्याकडे थंडी चांगली पडते."