खाडीपलीकडचा रस्ता

कोकणचा नकाशा समोर घ्यावा आणि रेवसपासून रेडीपर्यंत पट्टीने एक रेघ ओढावी. प्रवास अगदी सोपा वाटू लागतो. रेवस हे रायगड जिल्ह्यातील बंदर, रेडी हे गोव्याच्या वेशीवरचे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील गाव, आणि दोहोंना जोडणारा सागरी मार्ग समुद्राची सोबत करीत दक्षिणेकडे जातो. परंतु त्या मार्गाची खरी आखणी खाड्यांनी केलेली आहे. सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस पश्चिमेकडे धाव घेताना खोल दऱ्या कोरतो, आणि भरतीचे पाणी त्या दऱ्यांतून कित्येक कोस आत शिरते. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, पूर्णगडला मुचकुंदी, विजयदुर्गला वाघोटन, अशी प्रत्येक नदी रस्त्याला अडवून उभी आहे. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचे सपाट माथ्याचे पठार असते. त्याला सडा म्हणतात. रस्त्याला सड्यावर चढल्यावाचून गत्यंतर नाही, आणि पुढची खाडी आली की उतरल्यावाचूनही.

मोटारीत बसलेल्याला हे फारसे जाणवत नाही. ते जाणवते सायकलवाल्याच्या मांड्यांना.

पुण्याचा एक तरुण एका डिसेंबरात आपली गियरची सायकल घेऊन मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरला. याच जलमार्गावर 17 जुलै 1947 रोजी 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक उतारू प्राणांस मुकले. लाँचमधील एका वृद्ध बाईने त्या बाजूच्या पाण्याकडे पाहून हात जोडले; तरुणाचे लक्ष मात्र हातातल्या कागदावर होते. कोणत्या दिवशी किती किलोमीटर, कोठे मुक्काम, किती वाजता प्रस्थान, हे सारे त्याने त्यावर टिपले होते. सहा दिवसांत रेडी गाठायची असा त्याचा संकल्प होता. खाड्यांचा मात्र त्या कागदावर उल्लेख नव्हता.

पहिला दिवस त्याच्या मनासारखा गेला. अलिबाग, रेवदंडा, काशीद अशी गावे मागे पडत गेली. दुसऱ्या दिवशी चढांनी आपले रूप दाखविले. कोकणातील चढ घाटासारखा लांबलचक नसतो. तो आखूड आणि उभा असतो. पुढचे लहान आणि मागचे मोठे दातेरी चक्र जुळवले, म्हणजे जोर कमी लागतो खरा, पण त्याची भरपाई पायांना अधिक फेरे मारून करावी लागते. एकेका सड्याची उंची शंभर मीटर धरली आणि दिवसात असे आठ चढ आले, तर दोन दिवसांत 1600 मीटर चढणे झाले. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई, त्याची उंची 1646 मीटर आहे. समुद्रसपाटी न सोडता माणूस कळसूबाई चढून येतो, असे कोणी थट्टेने म्हटले तर त्यात खोटे फारसे नाही. उताराचीही वेगळीच परीक्षा असते. वळणावर लाल माती आणि बारीक खडी पसरलेली असते. तेथे ब्रेक एकदम दाबला, तर सायकल एकीकडे आणि स्वार दुसरीकडे.

आणि तरीही सड्याचा माथा आला की सगळे विसरायला होते. पावसाळ्यात रानफुलांनी झाकलेला हा कातळ डिसेंबरात तपकिरी आणि ओसाड दिसतो. पण खाली एका बाजूला नारळी-पोफळीच्या बागा, दुसऱ्या बाजूला अथांग पाणी. दक्षिणेकडे रत्नागिरी आणि राजापूर या तालुक्यांत तर अशाच सड्यांवर प्राचीन माणसाने हत्ती, मासे, पक्षी कोरून ठेवले आहेत. त्या कातळशिल्पांच्या शेजारून लोक पिढ्यानपिढ्या गुरे हाकत गेले.

आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा फेरीबोटी या मार्गावर आहेत. मोटारी, दुचाक्या, माशांच्या पाट्या आणि माणसे एकाच फळीवरून आत येतात. दाभोळची फेरी 2003 साली सुरू झाली. ती नसेल तर समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जाण्यासाठी दापोली, खेड, चिपळूण असा शंभर-सव्वाशे किलोमीटरांचा फेरा पडतो.

दापोली तालुक्यातील मुरूड गावात तरुण पाणी प्यायला थांबला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण याच गावात गेले. सहावीच्या परीक्षेसाठी ते येथून भर पावसात सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. तरुणाने ही हकिकत शाळेत वाचली होती. आपल्या सायकलीकडे पाहून तो किंचित ओशाळला. पण लगेच त्याने घड्याळ पाहिले आणि पायटा मारला.

हेदवीच्या चढावर मागचे चाक पंक्चर झाले. ट्यूब काढणे, छिद्र शोधणे, सोल्यूशन लावून रबराचा तुकडा चिकटविणे यात तासभर गेला. तवसाळच्या धक्क्यावर तो पोहोचला तेव्हा शेवटची फेरी सुटली होती. समोर जयगडच्या बाजूचे दिवे इतके जवळ दिसत होते की हाक मारावी. तो चरफडत तेथेच उभा राहिला.

जाळे गुंडाळीत बसलेल्या एका म्हाताऱ्याने त्याला पाहिले. "अरे बाबा, खाडीला तुझं घड्याळ कळत नाही. चल घरी."

घरी भात, माशांचे कालवण आणि सोलकढी झाली. ओटीवर बसल्यावर तरुण म्हणाला, "आजोबा, आता सरकार या खाड्यांवर मोठे पूल बांधायला निघालं आहे. मग ही फेरीबोटीची मजा राहणार नाही."

म्हातारा बराच वेळ बोलला नाही. मग खाडीकडे बोट करून म्हणाला, "तेव्हा फेरीबोटसुद्धा नव्हती. श्रावणातली रात्र. बायकोच्या पोटात कळ उठली. रत्नागिरीला न्यायचं, तर आधी हे पाणी ओलांडायला हवं. वारा असा, की होडी घालायला कोणी धजेना. आम्ही तिला डोलीत घालून धक्क्यावर आणलं आणि दिवे बघत बसलो. आत्ता तू बघत होतास ना, तसेच. पहाटे वारा पडला, होडी तयार झाली. पण मग तिची गरज उरली नव्हती."

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"माझा मुलगा या फेरीबोटीवर तिकिटं फाडतो," म्हातारा पुढे म्हणाला. "पूल झाला तर त्याची नोकरी जाईल. तरी पूल व्हायलाच हवा."

शहरातून येणाऱ्यांना होडी आणि फेरी यांचे फार कौतुक असते. त्यांनी आषाढातील एक रात्र आजारी माणसाला घेऊन खाडीच्या काठी काढावी आणि मग कौतुक करावे. मात्र धक्क्यावर चहा विकणाऱ्या बाईलाही पुलाविषयी विचारले पाहिजे. गाड्या भरधाव निघून जाऊ लागल्यावर तिच्याकडे थांबणार कोण, या प्रश्नाला कोणत्याच नकाशात उत्तर नाही.

सकाळी पहिल्या फेरीला तरुणाने सायकल फळीवरून आत नेली. तिकीट फाडणारा म्हाताऱ्याचा मुलगाच होता. "रात्री झोप लागली का?" एवढेच त्याने विचारले. तरुणाने मान हलविली, पण त्याला झोप लागली नव्हती. बोट मध्यावर आली तेव्हा त्याने मागे पाहिले. म्हातारा धक्क्यावर येऊन उभा होता. खाडी ओलांडायला किती वेळ लागतो हे पाहण्यासाठी तरुणाने घड्याळ वर केले. पहिल्यांदाच तो ते वेगळ्या कारणासाठी पाहत होता. काही मिनिटांतच जयगडची फळी खडखडत खाली पडली.

मोटारी पुढे निघून गेल्या. तरुणाने कागद काढला, तवसाळ आणि जयगड या दोन नावांच्या मध्ये पेन्सिलीने एक रेघ ओढून तेथे 'खाडी' असे लिहिले, तो खिशात ठेवला आणि समोरचा चढ चढू लागला.